मिठाने 'भरलेल्या' पाण्यात साखर कशी मावली?

नववीचीआई

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय आणि तोही अभ्यासाचा, त्यामुळे आधीच सॉरी.

लेक नववीत आहे. 'द्रावण आणि विद्राव्यता' (कशात काय किती विरघळतं) यावर घरी प्रयोग करून वहीत लिहून आणायला सांगितलंय. रविवारी ओटा तिच्या ताब्यात दिला. मापाच्या कपाने १०० मिली पाणी, केकसाठी आणलेला छोटा वजनकाटा आणि मीठ. पाच-पाच ग्रॅम टाकायचं, ढवळायचं, दिसेनासं झालं की पुढचं. पस्तीस ग्रॅमपर्यंत सगळं बिनबोभाट गेलं. चाळीसला तळाशी मीठ दिसायला लागलं आणि दहा मिनिटं ढवळूनही हटलं नाही.

इथवर ठीक. पण क्लासच्या नोट्समध्ये ठळक अक्षरांत चौकट आहे: 'तापमान वाढवल्यास विद्राव्यता वाढते.' म्हणून तिने आणखी दहा ग्रॅम टाकून एकूण पन्नास केलं आणि पातेलं गॅसवर चढवलं. उकळी फुटायला आली तरी तळाचं मीठ होतं जवळपास तेवढंच. चौकट खोटी की आमचा प्रयोग चुकला?

दुसरी गंमत पुढे आहे. पाणी गार झाल्यावर मी वैतागून म्हटलं, "झालं, भरलं हे पाणी. संपृक्त. आता यात काही मावायचं नाही." तिने काही न बोलता त्याच पाण्यात चमचाभर साखर टाकली. विरघळली. मग दुसरा चमचा, तिसरा, चौथा. सगळे विरघळले. "भरलं होतं ना गं?" असं वर मलाच विचारलं.

मी कॉमर्सची. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तर्रीबहाद्दर

सोप्पंय की. विरार लोकल आठवा. डबा खच्चून भरला तरी दोन माणसांच्या फटीत पिशवी मावतेच. मिठाच्या कणांमध्ये ज्या फटी राहिल्या त्यात साखर बसली. पुढचा प्रश्न?

सरळरेघ

@तर्रीबहाद्दर, साखरेचा रेणू मिठाच्या आयनांपेक्षा, म्हणजे विद्युतभारित कणांपेक्षा, कितीतरी मोठा असतो. तुम्ही माणसांच्या फटीत पिशवी नाही, पिशव्यांच्या फटीत माणूस बसवताय.

तर्रीबहाद्दर

विरारला तेही होतं.

पुदिनावडी

मीठ जाडं होतं का? बारीक मीठ घेतलं तर जास्त विरघळेल. पिठीसाखर नाही का खडीसाखरेपेक्षा पटकन विरघळत.

सरळरेघ

पटकन विरघळेल, जास्त नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बारीक केलं, ढवळलं की वेग वाढतो, पण शेवटी पाण्यात किती राहणार तो आकडा तोच. खडीसाखर तोंडात अर्धा तास पुरते म्हणून ती कमी विद्राव्य ठरत नाही.

खडूफळा

उशिरा आलो, नातवाला झोपवत होतो. निवृत्त मास्तर आहे, त्यामुळे लांबण लागेल. चालवून घ्या.

तर्रीबहाद्दर, तुमचं उत्तर चुकलं, पण दोष तुमचा नाही. 'पाण्यात मोकळ्या जागा असतात, त्यांत साखर जाऊन बसते' हे आम्हीच पिढ्यान्‌पिढ्या शिकवत आलो. सहावीला ते खपून जातं, नववीत अंगाशी येतं. नववीचीआई, तुमच्या लेकीने ते एका चमच्यात मोडीत काढलं. तिला माझ्याकडून शाबासकी द्या.

'भरलं' हा शब्द आधी बाजूला ठेवा. पाणी म्हणजे बरणी नव्हे. मिठाचा खडा म्हणजे सोडियमचे धन आयन आणि क्लोराइडचे ऋण आयन, एकाआड एक रचलेले. पाण्याच्या रेणूची ऑक्सिजनकडची बाजू किंचित ऋण असते आणि हायड्रोजनकडची किंचित धन. खड्याच्या कडेला असलेल्या आयनाला हे रेणू चारी बाजूंनी घेरतात आणि ओढून नेतात. याला आपण विरघळणं म्हणतो.

आता जी गोष्ट आपण सांगायला विसरतो ती. पाण्यात गेलेले आयन तिथे गप्प बसत नाहीत. हिंडता हिंडता खड्यावर आपटतात आणि काही परत चिकटतात. सुरुवातीला पाण्यात आयन थोडे, त्यामुळे परतणारे थोडे, म्हणून खडा झिजतो. पाण्यातली गर्दी वाढली की परतणारे वाढतात. जितके सुटतात तितकेच परत येऊ लागले की बाहेरून आपल्याला वाटतं, विरघळणं थांबलं. थांबलेलं काहीच नसतं. एसटी स्टँडवर दिवसभर पन्नासच गाड्या दिसतात म्हणून त्या सकाळच्याच पन्नास असतात का? तसंच. ही नुसती कल्पना नव्हे. संपृक्त द्रावणाच्या तळाशी किरणोत्सारी सोडियम असलेलं मीठ टाकलं तर थोड्या वेळाने वरच्या पाण्यातही किरणोत्सार सापडतो, आणि तळाच्या मिठाचं वजन तेवढंच राहतं.

मग साखर. साखरेचे रेणू खड्यावरून सुटतात, पण परत यायला पाण्यात साखर आहेच कुठे? मिठाचे आयन साखरेच्या खड्यावर आपटून साखर होत नाहीत. म्हणून मिठापुरतं संपृक्त असलेलं पाणी साखरेसाठी असंपृक्तच असतं. 'संपृक्त पाणी' असं नुसतं म्हणूच नये, 'मिठाने संपृक्त' म्हणावं.

याची उलटतपासणीही आहे. मिठाच्या संपृक्त द्रावणात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल ओतलं तर पांढरं मीठ खाली बसतं. आम्लातून क्लोराइडची भर पडली, परतणाऱ्यांची गर्दी वाढली, तोल ढळला. (हे घरी करू नका. प्रयोगशाळेत, सरांच्या समोर.)

गरम करण्याचं उद्या. डोळे मिटताहेत.

नववीचीआई

काका, लेकीने हे दोनदा वाचलं. 'एसटी स्टँड' वहीत लिहू का म्हणून विचारतेय.

खडूफळा

लिहू दे की. खाली तिच्या भाषेत एक वाक्य मात्र हवं.

हां, आता गरम करणं. तिचा प्रयोग चुकलेला नाही. मिठाची विद्राव्यता १०० ग्रॅम पाण्यात २० अंश सेल्सिअसला ३६ ग्रॅमच्या आसपास आहे आणि १०० अंशांना ३९ च्या आसपास. म्हणजे पन्नासातलं तळाशी राहिलेलं १४ ग्रॅम फार तर ११ वर आलं असतं. पातेल्यात पाहून हा फरक कोणाला कळणार? शिवाय तापवताना थोडं पाणी वाफ होऊन गेलं, म्हणजे तेवढं मीठ उलट बाहेर पडलं.

साखर बघा: २० अंशांना २०० ग्रॅम, १०० अंशांना ४८० च्याही वर. सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, तर कहरच: शून्य अंशाला १३ ग्रॅम, २० ला ३२, आणि १०० ला २४० च्या पुढे. आणि चुना पूर्ण उलट्या स्वभावाचा. २० अंशांना १०० ग्रॅम पाण्यात जेमतेम ०.१७ ग्रॅम विरघळतो, उकळत्या पाण्यात त्याच्याही निम्मा.

कारण असं. खडा फोडायला ऊर्जा लागते आणि पाण्याने आयनांना घेरलं की ऊर्जा सुटते. सोऱ्याच्या बाबतीत फोडायचा खर्च जास्त, म्हणून तो विरघळताना पाणी गार पडतं. अशा पदार्थाला बाहेरून उष्णता दिली तर तोल विरघळण्याच्या बाजूला झुकतो. मिठाचा जमाखर्च जवळजवळ सारखा, म्हणून तापमानाचं त्याला सोयरसुतक नाही. चुना विरघळताना उष्णता बाहेर टाकतो, त्याला वरून आणखी उष्णता दिली की तो मागे फिरतो. हा तोलाचा नियम ल शातलिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८८४ मध्ये मांडला.

सरळरेघ

सर, एक अडचण. कॉस्टिक सोडा विरघळताना भांडं हातात धरवत नाही इतकं तापतं. तुमच्या हिशोबाने तो गरम पाण्यात कमी विरघळायला हवा. तक्त्यात बघा, २० अंशांना ११० ग्रॅमच्या आसपास आणि १०० ला ३४० च्या वर.

खडूफळा

बरोबर पकडलंत. वर्गात हा प्रश्न कोणी विचारला की मी घंटेकडे बघायचो.

खरं उत्तर असं, की भरपूर कोऱ्या पाण्यात पहिला चमचा टाकताना काय होतं ते इथे उपयोगाचं नाही. द्रावण संपृक्त व्हायला आलेलं असताना शेवटचा कण विरघळला तर उष्णता सुटते की शोषली जाते, ते बघायचं. बऱ्याच पदार्थांत दोन्ही वेळचं उत्तर एकच निघतं, म्हणून मोघम सांगून भागतं. कॉस्टिकमध्ये भागत नाही. नववीला एवढं नको.

निफाडचागार

मास्तर, तुम्ही सोरा म्हणलात आणि माझी टय़ूब पेटली. आमचं १३:०:४५ नंबरचं खत म्हणजे हाच ना, पोटॅशियम नायट्रेट? ते ड्रममध्ये कालवलं की ड्रम बाहेरून गार लागतो. दहा वर्षं बघतोय, कारण आज कळलं.

माझा किस्सा सांगतो. द्राक्षाचा बाग आहे. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत मण्यात साखर भरायची वेळ, म्हणून ०:०:५० द्यायचं होतं ड्रिपमधून. पहाटे लाइट असते, तवा घाई नको म्हणून दुपारीच २०० लिटरच्या ड्रममध्ये २५ किलोची आख्खी गोणी कालवून ठेवली. टाकीचं पाणी उन्हानं कोमट होतं. ढवळून ढवळून जवळजवळ सगळं विरघळलं. पहाटे बघतो तर तळाला चांगला जाड थर, काचेसारखे खडे. थंडी मरणाची पडली होती, तुम्हाला आमचं निफाड ठाऊकच असेल. मला वाटलं खतात भेसळ. गोणी घेऊन दुकानदाराशी भांडून आलो. त्यानं बिचाऱ्यानं चहा पाजला.

खडूफळा

दुकानदाराला आता तुम्ही चहा पाजा.

०:०:५० म्हणजे पोटॅशियम सल्फेट. १०० ग्रॅम पाण्यात ३० अंशांना साधारण १३ ग्रॅम, १० अंशांना ९ च्या थोडं वर. २०० लिटरचा हिशोब मांडा. दुपारच्या कोमट पाण्यात २५-२६ किलो कसंबसं जातं. पहाटे ड्रम १० अंशांवर आला असेल तर साडेअठराच किलो आत राहू शकतं. उरलेलं सहा किलो कुठे जाणार? तळाला. न विरघळणारी भेसळ असती तर गाळ बसला असता, असे खडे नाही. खडा रचला जाताना आपल्या जातीचेच आयन बसवून घेतो, परके सहसा बाहेर ठेवतो. कारखान्यात पदार्थ शुद्ध करायला हीच युक्ती वापरतात.

निफाडचागार

म्हणजे ड्रममध्ये साडेअठरा किलोचं पाणी आणि मी झाडाला गेलं समजत होतो पंचवीस. हे वेगळंच दुखणं. वरचं पाणी सोडून तळ फेकून दिला होता मी.

नवीन पोरांसाठी एक सांगून ठेवतो. कॅल्शियम नायट्रेट दुसऱ्या कुठल्याही सल्फेटच्या नाहीतर फॉस्फेटच्या खताबरोबर एका ड्रममध्ये कालवू नका. दोन्ही गोण्यांवर 'पाण्यात १०० टक्के विद्राव्य' लिहिलेलं असतं आणि ते खरं असतं, पण दोघं एकत्र आले की दह्यासारखं फाटतं. माझ्या चुलतभावाचे एका एकरातले ड्रिपर बसले.

सरळरेघ

कारण आत चार प्रकारचे आयन मोकळे फिरत असतात आणि कोण कोणत्या गोणीतून आलं हे त्यांना माहीत नसतं. कॅल्शियमला सल्फेट भेटलं की जिप्सम, आणि ते लिटरभर पाण्यात दोन-अडीच ग्रॅमच राहतं. फॉस्फेट भेटलं तर त्याहूनही कमी. म्हणून दोन वेगळ्या टाक्या ठेवायच्या.

काळीचहा

अवांतर: माझ्या किटलीच्या तळाला पांढरा थर बसतो तो पण असाच का? बोअरचं पाणी आहे.

सरळरेघ

थोडा वेगळा. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट असतं, ते विद्राव्य. उकळल्यावर त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे कॅल्शियम कार्बोनेट राहतं, ते जवळजवळ अविद्राव्य. हा पदार्थच बदलला. व्हिनेगर घालून उकळा, जाईल. आणि तेही 'विरघळणं' नाही, आम्लाशी झालेली अभिक्रिया आहे. फेस दिसेल.

खाजणकाठ

मी सहसा फक्त वाचते, पण मिठाचा विषय निघाल्यावर गप्प बसवेना. माझं माहेर पेणकडचं, आजोबांचं मिठागर होतं. आगरात जन्म गेला म्हणून तर आम्ही आगरी.

काकांच्या बोलण्यातून निघतं तसं प्रत्येक क्षाराचा तोल वेगळा, ते आमच्याकडे शाळेत न गेलेल्या माणसाला माहीत असायचं. समुद्राचं पाणी उधाणाच्या भरतीला आत घ्यायचं आणि एका कप्प्यातून दुसऱ्यात असं उन्हावर आटवत न्यायचं. लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार, त्यातलं खाण्याचं मीठ २७ च्या आसपास. म्हणजे मीठ धरायला लागायच्या आधी पाणी मूळच्या दहाव्या हिश्श्यावर आणावं लागतं. ते कळायला तरंगणारी काचेची कांडी असते, तिच्यावर पाण्याचा दाटपणा दाखवणाऱ्या ब्यूमेच्या डिग्र्या. समुद्राचं पाणी तीनच्या आसपास. तेराच्या पुढे जिप्सम बसायला लागतं, ते आधीच्या कप्प्यांतच बसू द्यायचं. २५ झाली की मीठ पडतं. आणि २९-३० ला उरलेलं पाणी सोडून द्यायचं, लोभ करायचा नाही. कारण त्यानंतर मॅग्नेशियमचे क्षार मिठात मिसळतात आणि मीठ कडू होतं. पावसाळ्यात बरणीत पाणी सुटलेलं मीठ पाहिलंय ना? तो मॅग्नेशियम क्लोराइडचा प्रताप, तो हवेतली ओल ओढून घेतो.

आजोबांची कांडी फुटली होती. ते जिभेवर सांगायचे. आईच्या म्हणण्याप्रमाणे एका डिग्रीचाही फरक पडत नसे, पण आई वडिलांचं कौतुक जरा जास्तच करते.

खडूफळा

ताई, चाळीस ओळींचा धडा तुम्ही एका परिच्छेदात शिकवलात. एकाच पाण्यात चार क्षार, आणि ज्याची मर्यादा आधी गाठली जाईल तो आधी बाहेर.

गोळीबंद

मग माझं दुखणं पण याच धाग्यात मांडते. रव्याच्या लाडवांचा पाक. एकदा दोनतारी झाला, गॅस बंद केला, फोनवर पाच मिनिटं बोलले, परत येते तर पातेल्यात अख्खी साखर! पांढरीफटक. पुन्हा पाणी घालून केला. आई म्हणते लिंबू पिळ. पिळलं की होत नाही हे खरं, पण का?

खडूफळा

हा तर या विषयाचा सगळ्यात गोड भाग. पाक आटवत नेता तेव्हा पाणी जातं आणि साखर मागे राहते. तारेच्या पाकात शंभर भागांत साधारण ८० भाग साखर, २० भाग पाणी असतं. (गोळीबंदात ८५.) म्हणजे तारेच्या पाकात एक भाग पाण्याला चार भाग साखर. आणि वर सांगितलं तसं २० अंशांना एका भागाला दोनच भाग पेलतात. पाक गार झाला की त्यात हक्कापेक्षा दुप्पट साखर तरंगत असते. याला अतिसंपृक्त द्रावण म्हणायचं. साखरेला बाहेर पडायचंच असतं, पण पहिला खडा कोणी रचायचा? लाखो रेणू योग्य रचनेत एका ठिकाणी यायला हवेत. ते सहजी जमत नाही, म्हणून पाक शांत उभा राहतो. तुमच्या पातेल्याच्या कडेला एखादा न विरघळलेला दाणा राहिला असणार, किंवा झाऱ्याला. तो आत पडला, आयता साचा मिळाला, आणि पाच मिनिटांत सगळी जत्रा त्याच्याभोवती.

लिंबाच्या आम्लाने गरम पाकातल्या थोड्या साखरेचे दोन तुकडे होतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. मग विटांच्या रचनेत मध्येच वेगळ्या मापाच्या विटा येतात आणि भिंत नीट चढत नाही. आईचं ऐका, आणि पातेल्याच्या कडा ओल्या फडक्याने पुसून घ्या.

खाजणकाठ

संक्रांतीचा हलवा म्हणजे हेच मुद्दाम घडवून आणणं, नाही का? खसखस परातीत घ्यायची, खाली मंद निखारा, चमचा-चमचा पाक सोडायचा आणि बोटांनी फिरवत राहायचं. घाई केली की काटा येत नाही, गोल गुळगुळीत राहतो. सासूबाई म्हणायच्या, कडाक्याची थंडी हवी.

गोळीबंद

माझ्या हातून दोनदा फक्त खसखशीचे चिकट गोळे झालेत. विषय बदला.

मोकळाढाकळा

मधाचं काय मग? मी गेल्या महिन्यात घेतलेल्या मधाची थंडीत साखर झाली. सरळ सरळ साखर मिसळली आहे. खरा मध कधीच गोठत नाही, पाण्यात टाकला तर तळाला जातो, विरघळत नाही. आमच्या ग्रुपवर व्हिडिओ आहे.

सरळरेघ

व्हिडिओ डिलीट करा. मधात पाणी १७-१८ टक्के, ग्लुकोज तीसच्या वर, फ्रुक्टोज त्याहून जास्त. एवढ्याशा पाण्यात एवढं ग्लुकोज म्हणजे जन्मतःच अतिसंपृक्त. थंडीत ग्लुकोज बाहेर पडतं. ज्यात ग्लुकोज जास्त, उदाहरणार्थ मोहरीच्या फुलांचा मध, तो तर पटापट बसतो. आणि मध पाण्यात तळाला जातो कारण तो घट्ट आणि जड असतो. नंतर ढवळा, पूर्ण विरघळेल. साखरेचा घट्ट पाकही अगदी तसाच तळाला जातो, त्यामुळे त्या चाचणीत दोघेही पास.

मोकळाढाकळा

म्हणजे माझा मध शुद्ध आहे?

सरळरेघ

ते मी म्हटलेलं नाही. साखर झाली यावरून भेसळही ठरत नाही आणि शुद्धताही ठरत नाही. बाटली कोमट पाण्यात ठेवा, पातळ होईल.

तर्रीबहाद्दर

इतकं गोड गोड झालं. मिसळीची तर्री वरच का राहते ते कोणी सांगेल का, की नाव बदलून पाकबहाद्दर घेऊ?

सरळरेघ

मिरचीचा लाल रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही. तेल पाण्यापेक्षा हलकं. हळदीचंही तेच, फोडणीत टाकली की रंग उतरतो. तिखटपणाचं द्रव्यही पाण्यात विरघळत नाही, म्हणून मिसळ झोंबली की पाणी पिऊन उपयोग नाही, ताक प्या.

नववीचीआई

मी तुम्हा सगळ्यांची रजा घेणार होते, पण लेकीने काकांचं 'चुना उलट्या स्वभावाचा' हे वाक्य धरून ठेवलं. टपरीवरून खायचा चुना आणला (मीच आणला, दुकानदाराने माझ्याकडे जरा बघितलं). चमचाभर लिटरभर पाण्यात ढवळून रात्रभर ठेवला, सकाळी वरची निवळी फिल्टर पेपरमधून गाळली. पाण्यासारखी स्वच्छ. काचेच्या बाटलीत भरून, झाकण सैल ठेवून, गरम पाण्याच्या पातेल्यात उभी केली. पाणी उकळायला लागल्यावर काही वेळाने निवळी गढूळ झाली! गरम केल्यावर विरघळलेलं बाहेर पडलं. नाचली नुसती.

सरळरेघ

नाचू नका. चुन्याची निवळी हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनेही पांढरी होते, पाठ्यपुस्तकातलाच प्रयोग आहे. झाकण सैल होतं. तुम्ही पाहिलेला पांढरेपणा कॅल्शियम कार्बोनेटचा नाही हे कशावरून?

खडूफळा

प्रश्न रास्त आहे. याचा निकाल लावायला काही विकत आणायला नको. बाटली घट्ट बंद करून गार होऊ द्या आणि रात्रभर ठेवा. चुनाच बाहेर पडला असेल तर गार पाण्यात तो परत विरघळेल. कार्बोनेट असेल तर तसाच बसून राहील. तुलनेसाठी थोडी निवळी उघड्या वाटीत ठेवा. आणि चुन्याचे हात डोळ्यांना लावू नका, चष्मा असेल तर घाला.

निफाडचागार

मी पण उद्याच्या निकालासाठी थांबलोय. आमच्याकडं बोर्डो फवारणीचा चुना असतो, पण तो कुणी उकळून बघितला नाही.

नववीचीआई

निकाल. बाटली: सकाळी सातला जवळजवळ स्वच्छ, तळाशी अगदी किंचित धूळ. तिने हलवली, अर्ध्या तासात तीही बरीच कमी झाली. उघडी वाटी: वर पांढरी साय धरली होती, ढवळल्यावर तिचे पापुद्रे झाले पण गेले नाहीत. त्यावर लिंबाचे थेंब टाकले तर बारीक बुडबुडे येऊन गायब.

सरळरेघ, तळाशी राहिलेली जी किंचित धूळ होती ती तुमची, बाकीची काकांची, असं ती म्हणतेय.

नोट्समधली चौकट तिने खोडलेली नाही. 'विद्राव्यता वाढते' याच्या पुढे पेन्सिलीने 'कोणाची?' एवढंच लिहिलंय. क्लासमध्ये यावर काय होतं ते सोमवारी कळेल.

सरळरेघ

धूळ मान्य.

निफाडचागार

मास्तर, एक राहिलं. ०:०:५० पहाटे न देता दुपारी कालवून लगेच सोडायचं, की तीनशे लिटर पाण्यात तेवढंच टाकून रात्रभर ठेवलं तरी चालेल?

खडूफळा

तीनशेचा हिशोब तुम्हीच करा. १० अंशांना शंभराला नऊच्या थोडं वर.

निफाडचागार

सत्तावीस-अठ्ठावीस. गोणी पंचवीसची. बसतंय.